थंडीतील पदभ्रमणाची पूर्वतयारी

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर वसलेले चंदीगड हे पश्चिम हिमालयाचे एक प्रवेशद्वार होय. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागण्याच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, येथील हवा अत्यंत सुखद असते. दुपारी तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पहाटे ते १० अंशांच्या जवळ उतरते. आकाश बहुधा निरभ्र असते. पावसाळ्यात निसरड्या झालेल्या डोंगरवाटा एव्हाना वाळलेल्या असतात. पाठीवर सामान घेऊन डोंगरात चार दिवस हिंडावे, असा मोह या दिवसांत कोणालाही होईल. परंतु धोक्याचे मूळ या सुखद हवेतच असते. कारण मनुष्य ज्या हवेत सामान बांधतो, तिच्याच अनुभवावरून तो पुढील हवेची कल्पना करतो.

चूडधार या शिखराचे उदाहरण घेऊ. हिमाचल प्रदेशाच्या सिरमौर जिल्ह्यातील हे सर्वोच्च शिखर ३,६४७ मीटर उंच आहे व माथ्याजवळ शिरगुल देवतेचे मंदिर आहे. चंदीगडहून सोलन आणि राजगढमार्गे नोहराधार या गावी एका दिवसात पोहोचता येते आणि तेथून देवदारांच्या वनातून चढणीची पायवाट सुरू होते. सामान्यतः दर १,००० मीटर उंचीमागे हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. चंदीगड आणि चूडधार यांच्या उंचीत ३,३०० मीटरांहून अधिक अंतर आहे. म्हणजेच चंदीगडच्या रस्त्यांवर लोक सदरा घालून फिरत असतात, त्याच दुपारी शिखरावर तापमान तीन-चार अंशांच्या आसपास असू शकते. आणि रात्री ते शून्याखाली जाते. त्यात वाऱ्याची भर पडते. तापमान शून्य अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला उणे सहा-सात अंशांइतकी थंडी जाणवते.

महाराष्ट्रातून येणाऱ्या पदयात्रिकाने येथे विशेष सावध राहिले पाहिजे. त्याची पावले सह्याद्रीत तयार झालेली असतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे चूडधारच्या निम्म्याहूनही कमी. सह्याद्रीत भर पावसात चिंब भिजूनही मनुष्य हसतखेळत चालतो, कारण तेथील हवा मुळात उबदार असते. भिजणे ही तेथे केवळ गैरसोय ठरते. हिमालयातील थंडीत मात्र तेच भिजणे जिवावर बेतू शकते. पायांचा सराव उपयोगी पडतो. सुती कपड्यांची सवय मात्र खालीच ठेवून जावे लागते.

याचे कारण समजून घेतले म्हणजे तयारीचे सर्व नियम आपोआप उलगडतात. कपडे ऊब निर्माण करीत नाहीत. ऊब शरीरच निर्माण करते आणि कपड्यांच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही. कापड भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. हे पाणी पावसाचे वा बर्फाचेच असते असे नाही. पुष्कळदा ते चढणीवर आलेल्या घामाचे असते. म्हणून थंडीतील पहिला नियम वरकरणी विचित्र वाटतो, तो असा की, घाम येऊ देऊ नये. चालावयास आरंभ करताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर असावेत, चढणीवर एखादा थर उतरवावा आणि विसाव्यास थांबताच, अंग गार पडण्यापूर्वी, तो पुन्हा चढवावा.

हे साधण्यासाठी एकच जाड कोट नेण्याऐवजी तीन थर न्यावेत. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा घाम लवकर सुकविणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा. सुती गंजीफ्रॉक मुळीच नको. मधला थर ऊब राखणारा, म्हणजे लोकरी स्वेटर किंवा तत्सम जाकीट. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडविणारा. यांखेरीज कानटोपी, हातमोजे व लोकरी पायमोज्यांचे दोन-तीन जोड आवश्यक आहेत. बूट नवे असल्यास महिनाभर आधीपासून पायांत घालून मुरवावेत. मोज्यांमुळे बोटे आवळली जात असतील तर रक्तप्रवाह मंदावून पाय अधिकच गारठतात. कपड्यांचा एक कोरडा संच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून केवळ रात्रीसाठी राखून ठेवावा आणि दिवसा कितीही मोह झाला तरी तो उघडू नये.

रात्रीच्या थंडीचा विचार करताना आपण पांघरुणाकडे लक्ष देतो आणि अंथरुणाकडे दुर्लक्ष करतो. झोपणाऱ्याच्या भाराने स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि गोठलेली जमीन शरीरातील उष्णता शोषू लागते. यासाठी खाली चांगली जाड मॅट हवीच. तंबूत किंवा बंद खोलीत स्टोव्ह अथवा शेगडी पेटवून ऊब घेणे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसांना तो जाग येऊ देत नाही.

शरीर ही भट्टी मानली तर अन्न हे तिचे सरपण होय. गूळ, शेंगदाण्याची चिक्की, सुका मेवा, तुपातले लाडू असे पदार्थ खिशात हाताशी असावेत आणि चालता चालता थोडे थोडे खावेत. ३,६०० मीटरांच्या सुमारास पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. शिधा निवडताना याचे भान ठेवावे. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी पीत राहिलेच पाहिजे.

उंची हा थंडीहून वेगळा धोका आहे. साधारण २,५०० मीटरांच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळणे, अन्न नकोसे होणे ही त्याची लक्षणे होत. मैदानातून येऊन दुसऱ्याच दिवशी शिखर गाठण्याची घाई करू नये. मध्ये एखादा मुक्काम करावा. लक्षणे दिसली तर वर चढू नये आणि ती वाढली तर तत्काळ खाली उतरावे.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ आणतात. कधी कधी त्यांतील पहिला नोव्हेंबरमध्येच येतो आणि काल स्वच्छ असलेली पायवाट आज दिसेनाशी होते. म्हणून निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या सिमला केंद्राचा अंदाज पाहावा आणि वाट खुली आहे की नाही याची स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करावी. बर्फ वाढल्यावर चूडधारची वाट पदयात्रिकांना बंद केली जाते. दिवसही या काळात जेमतेम साडेदहा तासांचा असतो. परतण्याची वेळ चंदीगडमध्येच ठरवावी, कागदावर लिहावी आणि तिची एक प्रत घरच्या माणसांकडे ठेवावी. ठरलेल्या वेळेला शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी मागे फिरावे. प्रत्येकाजवळ स्वतःची विजेरी असावी.

शेवटी, सोबत्यांकडे लक्ष ठेवण्याची तयारी. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की मनुष्य प्रथम कुडकुडतो, मग त्याची बोटे बटणे लावीनाशी होतात, जीभ जड होते, पाऊल अडखळते. त्याचे मनही मंदावते. ‘मला काही झालेले नाही’ असे तो म्हणतो आणि ते त्याला खरेच वाटत असते. म्हणूनच ओळखण्याचे काम सोबत्याचे असते. अशा माणसाला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे बदलावेत, स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळावे आणि तो नीट गिळू शकत असेल तर गरम, गोड पेय द्यावे. मद्य देऊ नये. त्याने क्षणभर ऊब वाटते, परंतु त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उरलीसुरली उष्णताही निघून जाते. कुडकुडणे थांबूनही तो सावध होत नसेल तर ती सुधारणा नसून अत्यवस्थतेची खूण आहे. त्याला हळुवारपणे हाताळून विनाविलंब मदत मिळवावी.

थंडीने शिणलेले मन नवा विचार करू शकत नाही; ते आधी केलेल्या विचारावर चालते. यास्तव मैदानातील सुखद दुपारी, डोके शांत आणि बोटे उबदार असताना केलेली तयारी हीच डोंगरावरील खरी शिदोरी होय.