उकळले तरी पाणी खारटच का?

दर्यापूर, भातकुली किंवा अकोट भागातल्या काही गावांत हातपंपाचे पाणी कितीही उकळले, गाळले, तरी पहिल्याच घोटाला पाहुण्याचे तोंड वाकडे होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाण पट्टा. उकळलेले पाणी शुद्ध, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग खारटपणा का जात नाही? याचे उत्तर अणूंच्या देवघेवीत आहे.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात, पण सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच. क्लोरीनमध्ये १७ असतात, बाहेरच्या कक्षेत ७. तिथे ८ झाले की अणू स्थिरावतो. म्हणून सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन तो घेतो. देणारा धनभारित, घेणारा ऋणभारित होतो. असे भारित कण म्हणजे आयन. त्यांच्या आकर्षणातून आयनिक बंध जुळतो आणि मीठ तयार होते. आवर्तसारणीत सोडियम पहिल्या गणात आणि क्लोरीन सतराव्या गणात बसतो, तो याच स्वभावामुळे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, पण ऑक्सिजन ते जरा जास्त आपल्याकडे ओढतो. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण, तर दुसरी किंचित धन राहते. हे रेणू मिठाच्या आयनांना वेगळे करून घेरतात. इतके सूक्ष्म आयन फडक्यातून आणि साध्या फिल्टरमधूनही आरपार जातात. तुरटीने गाळ बसतो, मीठ नाही. उकळल्याने जंतू मरतात, वाफ होऊन पाणी उडते, मीठ मात्र भांड्यातच राहते. बुडाशी दिसणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियमचा असतो. तो बसल्याने पाण्याचा जडपणा थोडा कमी होतो, खारटपणा नाही.

भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. रक्तदाबाचा रुग्ण लोणचे-पापड सोडतो, पण पाण्यातले सोडियम कोणी मोजत नाही. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल, तर हा जादा भार त्याला पेलत नाही.

म्हणून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी शहानूर किंवा वान धरणाचे नळाचे पाणी मिळत असेल तर तेच वापरावे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन नंतरचे छपरावरचे पाणी झाकून साठवावे. ते मात्र उकळूनच प्यावे, कारण तिथे प्रश्न जंतूंचा असतो. आरओ यंत्र क्षार काढते, पण त्याची जाळी वेळेवर बदलायला हवी. विहिरीच्या व हातपंपाच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी क्रिएटिनिन तपासावे आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

सर्वांत मोठी चूक एकच: खारट लागते म्हणून पाणीच कमी पिणे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्याने मुतखड्याला आमंत्रण मिळते आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.