सामुदायिक बाग
एखाद्या वस्तीतील रहिवाशांनी सार्वजनिक अथवा भाड्याने घेतलेल्या जमिनीवर मुख्यतः स्वतःच्या उपयोगासाठी केलेली भाजीपाला व फळझाडांची लागवड. परसबागेहून ती भिन्न असते. कारण जमीन कोणा एका कुटुंबाच्या मालकीची नसते आणि पाणी, अवजारे व राखण यांची व्यवस्था सर्वजण मिळून करतात. काही ठिकाणी प्रत्येक कुटुंबाकडे स्वतंत्र वाफे असतात, तर काही ठिकाणी सर्व उत्पन्न वाटून घेतात.

औद्योगिकीकरणामुळे शहरांत आलेल्या कामगारांसाठी यूरोपात एकोणिसाव्या शतकात अशा बागांचा प्रसार झाला. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यान्वये, मागणी असल्यास लागवडीसाठी जमिनीचे तुकडे पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे अन्नाची आयात धोक्यात आल्यावर तेथे सार्वजनिक उद्यानांतही भाजीपाला लावण्यात आला. अमेरिकेत १९४३ मध्ये घरगुती व सामुदायिक मिळून सु. २ कोटी ‘विजय बागा’ होत्या. देशातील ताज्या भाजीपाल्यापैकी सु. ४० टक्के त्यांतून मिळाल्याचा अंदाज आहे. १९९१ मध्ये सोव्हिएट संघाचे विघटन झाल्यावर क्यूबाची इंधन, खते व अन्नपदार्थ यांची आयात एकाएकी घटली. तेव्हा हाव्हॅना शहरातील पडीक जागांवर माती व सेंद्रिय खत भरलेले बांधीव वाफे तयार करून भाजीपाला पिकविण्यात येऊ लागला.

अशा बागांतून तृणधान्यांची गरज सहसा भागत नाही. त्यांचे महत्त्व आहारातील उणिवा भरून काढण्यात आहे. पालेभाज्यांपासून कॅरोटीन, फोलिक अम्ल व लोह, तर घेवडा, चवळी इ. शेंगवर्गीय पिकांपासून प्रथिने मिळतात. तोडणी व सेवन यांत फारसा काळ जात नसल्याने क जीवनसत्त्वाचा नाश कमी होतो. शहरी जमिनीत जुने रंग व वाहनांचा धूर यांमुळे शिसे साचलेले असण्याचा संभव असतो. म्हणून लागवडीपूर्वी माती तपासणे किंवा बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करणे इष्ट ठरते.

जमिनीवरील हक्काची अनिश्चितता ही या बागांपुढील मुख्य अडचण होय. पडीक जागा लागवडीखाली आल्याने परिसर सुधारतो, जमिनीची किंमत वाढते आणि त्यामुळेच ती इमारतींसाठी मागितली जाते. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली महापालिकेने शंभराहून अधिक बागांचा लिलाव योजिला होता. विश्वस्त संस्थांनी त्या विकत घेतल्यामुळे त्या टिकल्या. म्हणून अशा बागांच्या योजनेत बी-बियाणे व पाणी यांइतकेच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याला महत्त्व असते.