पाइनच्या वासापासून ढगापर्यंत

पाइनच्या जंगलात टर्पेंटाइनसारखा वास येतो ना, त्यात अल्फा-पायनीन असतं: 10 कार्बन, 16 हायड्रोजन. हवेतल्या ओझोनने त्याचा दुहेरी बंध तोडला की खरी गंमत सुरू! तुटलेला रेणू एकामागून एक ऑक्सिजन ओढून घेतो, तेही बघता बघता. इतका जड झाल्यावर वायुरूपात राहणं त्याला जमत नाही. असे रेणू एकमेकांना चिकटून जेमतेम 1-2 नॅनोमीटरचा कण बनतो. तो 50-100 नॅनोमीटरपर्यंत वाढला की त्यावर ढगाचा थेंब धरू शकतो.

फिनलंडच्या ह्यूतिआला जंगलात असे कण 1996पासून मोजतायत. मुख्यतः प्रदूषणातून येणाऱ्या गंधकाम्लाशिवायही हे कण बनू शकतात, हे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या ‘क्लाउड’ प्रयोगाने 2016मध्ये दाखवलं. असे कण हवेत दाटले की धुरकं दिसतं; तेव्हा जंगलावरचं प्रत्येक धुरकं प्रदूषणाच्या खात्यात टाकू नका, मंडळी!