एमआरआयवरून ट्यूमर मार्करचा अंदाज: गणित कुठे फसतं?

मेडिकल इमेजिंगमध्ये पीएचडी करायचा विचार असेल, तर हा विषय कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच: यकृताच्या कर्करोगात एमआरआय आणि रुग्णाची क्लिनिकल माहिती वापरून ट्यूमर मार्करचा अंदाज बांधणे.

आधी एक फरक लक्षात घ्या. एएफपी हा मार्कर साध्या रक्ततपासणीत कळतो, त्यामुळे तो वय, हिपॅटायटिस बी-सी, बिलिरुबिन यांच्यासोबत मॉडेलला माहिती म्हणून देता येतो. केआय-६७ चं तसं नाही. पेशी किती वेगाने वाढताहेत हे सांगणारा हा मार्कर बघायला गाठीचा तुकडाच लागतो. बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका असतो, शिवाय सुई गाठीच्या एका कोपऱ्यातूनच नमुना आणते. एमआरआयमध्ये मात्र अख्खी गाठ दिसते.

निमगाव केतकीकडे व्यापारी डाळिंब न फोडता रंग, आकार आणि सालीवरचे डाग बघून आतला माल जोखतो. इथेही तेच आहे. गाठीची सीमा आखायची आणि तिचा आकार, उजळपणा, पोत यांचे शेकडो आकडे काढायचे. याला रेडिओमिक्स म्हणतात. गॅडोक्सेटिक आम्लाचं इंजेक्शन दिलं, तर साधारण २० मिनिटांनी निरोगी यकृत उजळतं आणि गाठ बहुधा काळपट राहते. हा फरकसुद्धा उपयोगी पडतो.

आता फसगत कुठे होते ते बघा. समजा, रुग्ण १२० आणि आकडे १०००. त्यांचा मार्करशी काडीचा संबंध नसला, तरी पी-व्हॅल्यू ०.०५ ची चाळणी लावल्यावर सरासरी ५० आकडे निव्वळ योगायोगाने 'महत्त्वाचे' ठरतील! ही निवड सगळ्या १२० रुग्णांवर करून मग ट्रेनिंग-टेस्ट असे गट पाडले, तर टेस्टचा पेपर आधीच फुटलेला असतो. म्हणून गट आधी पाडा, निवड फक्त ट्रेनिंग गटात करा. एकाच रुग्णाच्या स्लाइस दोन्ही गटांत जाऊ देऊ नका.

शेवटची कसोटी म्हणजे दुसऱ्या रुग्णालयाचा डेटा. १.५ टेस्लाच्या मशीनवर शिकलेलं मॉडेल ३ टेस्लावर गडबडू शकतं. अशा अंदाजावर विसंबून बायोप्सी टाळली आणि अंदाज चुकला, तर किंमत रुग्ण मोजतो. त्यामुळे पेपर वाचताना अचूकतेच्या टक्क्यांआधी एवढं शोधा: गट कधी पाडले, आणि बाहेरचा डेटा वापरला का?