ग्राहकाभिप्राय, प्रारंभिक

ग्राहकाभिप्राय, प्रारंभिक : ऑनलाइन बाजारपेठेत नव्याने विक्रीस ठेवलेल्या वस्तूविषयी तिच्या पहिल्या काही खरेदीदारांनी नोंदविलेले व इतर ग्राहकांस वाचावयास मिळणारे मत. त्यात सामान्यतः एक ते पाच तारकांचे गुणांकन व थोडा मजकूर असतो. काही वेळा छायाचित्रेही जोडलेली असतात. दुकानात ग्राहक वस्तू हाताळून, दुकानदाराला प्रश्न विचारून व त्याचा लौकिक जाणून खरेदी करतो. ऑनलाइन व्यवहारात विक्रेता अपरिचित व वस्तू दृष्टीआड असते. ही उणीव पूर्वीच्या खरेदीदारांचे अभिप्राय काही अंशी भरून काढतात. नव्या वस्तूच्या बाबतीत मात्र एक पेच उद्‌भवतो : अभिप्राय नाहीत म्हणून वस्तू खपत नाही आणि ती खपत नाही म्हणून अभिप्राय मिळत नाहीत. चांगला माल बनविणारा नवा, अल्प भांडवलाचा उत्पादक या पेचामुळे बाजारात प्रवेश करण्यापूर्वीच मागे पडण्याचा संभव असतो.

अमेरिकेत ॲमेझॉनने १९९५ मध्ये ग्रंथविक्रीस आरंभ केला व प्रारंभीच्या काळातच वाचकांना ग्रंथांविषयी मत नोंदविण्याची सोय उपलब्ध करून दिली. ईबे या लिलावमंचाने १९९६ मध्ये खरेदीदार व विक्रेता यांनी परस्परांविषयी मत देण्याची पद्धत सुरू केली. पुढे बहुतेक सर्व ऑनलाइन बाजारपेठांनी अशा पद्धती स्वीकारल्या.

आर्थिक उपपत्ती : वस्तूच्या दर्जाविषयी विक्रेत्याला असलेली माहिती ग्राहकाला नसेल, तर चांगला माल बाजारातून हटतो व हलका माल उरतो, असे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणाने दाखविले. लौकिक हा या विषमतेवरील एक उपाय होय. त्याचे मोल पॉल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर प्रयोग करून मोजले. जुनी पोस्टकार्डे एकाच विक्रेत्याने आपल्या प्रस्थापित नावाने व नव्या, अपरिचित नावांनी विकली, तेव्हा प्रस्थापित नावाला सरासरी ८·१ टक्के अधिक किंमत मिळाल्याचे दिसून आले (२००६). ग्रंथविक्रीच्या अभ्यासावरून ज्युडिथ शेव्हालिए व दिना मेझलिन यांनी असा निष्कर्ष काढला, की एका तारकेच्या अभिप्रायाचा विक्रीवरील परिणाम पाच तारकांच्या अभिप्रायापेक्षा अधिक तीव्र असतो (२००६).

पहिले अभिप्राय संख्येने थोडे असल्याने त्यांतील प्रत्येकाचा सरासरीवर मोठा परिणाम होतो. पाच तारकांचे चार अभिप्राय असताना एका तारकेचा एकच अभिप्राय आला, तरी सरासरी ४·२ वर उतरते. असे नव्याण्णव अभिप्राय असतील, तर ती ४·९६ राहते. शिवाय पहिले खरेदीदार हे सर्वसाधारण ग्राहकांचे प्रतिनिधी असतातच असे नाही. ते पुष्कळदा त्या वस्तूचे विशेष चाहते असतात. त्यामुळे आरंभीचे गुणांकन चढे असून कालांतराने उतरते, असेही आढळून आले आहे.

रास्त मार्ग : सर्वांत साधा मार्ग म्हणजे माल पोहोचल्यावर प्रत्येक खरेदीदाराला तटस्थ शब्दांत मत विचारणे. ॲमेझॉनवर यासाठी ठराविक मजकुराची विनंती पाठविण्याची सोय असून ती माल पोहोचल्यानंतर ५ ते ३० दिवसांत वापरता येते. वस्तूचे वर्णन व छायाचित्रे वास्तवाला धरून असणे आणि वेष्टन मजबूत असणे यांचाही अभिप्रायांवर परिणाम होतो. कारण अपेक्षाभंग हे नाराजीचे एक प्रमुख कारण असते.

दुसरा मार्ग बाजारपेठेच्या नियंत्रणाखालील नमुनावाटपाचा होय. ॲमेझॉनने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हाइन’ योजनेत निवडक परीक्षकांना वस्तू विनामूल्य मिळते. एका वस्तूचे कमाल ३० नग देता येतात. मत अनुकूलच असावे अशी अट नसते व अभिप्रायावर योजनेचा उल्लेख असतो. विक्रेत्याकडून शुल्क घेऊन खऱ्या खरेदीदारांना अभिप्रायाबद्दल अल्प बक्षीस देणारी त्याच कंपनीची दुसरी योजना २०२१ मध्ये बंद करण्यात आली. चीनमधील ताओबाओ या बाजारपेठेने २०१२ मध्ये वेगळी पद्धत योजिली : विक्रेत्याने रक्कम अनामत ठेवावयाची आणि माहितीपूर्ण अभिप्राय देणाऱ्यास, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, तीतून सूट मिळावयाची. आपल्या मालाच्या दर्जाविषयी खात्री असलेला विक्रेताच असा खर्च पत्करील, असे या पद्धतीमागील तत्त्व होय.

गैरप्रकार व नियंत्रण : आप्तेष्टांकडून स्तुती लिहवून घेणे, अनुकूल मताच्या बदल्यात किंमत परत करणे, समाधानी ग्राहकांनाच मत विचारणे, प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खोटी मते नोंदविणे आणि जुन्या वस्तूचे अभिप्राय वेगळ्या वस्तूला जोडणे हे प्रमुख गैरप्रकार होत. मोबदला घेऊन लिहिलेल्या अभिप्रायांवर ॲमेझॉनने ऑक्टोबर २०१६ मध्ये, ‘व्हाइन’ योजना व ग्रंथांच्या आगाऊ प्रती वगळता, बंदी घातली. विकत घेतलेल्या अभिप्रायांचा लाभ अल्पजीवी ठरतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. खरेदी थांबताच गुणांकन घसरते व एका तारकेच्या अभिप्रायांचे प्रमाण वाढते. तोवर फसगत झालेल्या ग्राहकाचे पैसे गेलेले असतात आणि सचोटीने वागणाऱ्या स्पर्धकाची विक्रीही बुडालेली असते.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री निषिद्ध ठरविणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून अंमलात आला. भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय नोंदविण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्रायांचे संकलन, परिनिरीक्षण व प्रसिद्धी यांविषयीची तत्त्वे त्यात दिलेली असून अभिप्रायकर्त्याची सत्यता पडताळणे व प्रतिकूल मते न दडपणे यांवर भर आहे. हे मानक ऐच्छिक स्वरूपात प्रसिद्ध झाले.

अभिप्राय हा ⇨ जाहिरातीचा प्रकार नव्हे. तो ग्राहकाने ग्राहकासाठी दिलेली साक्ष असतो. साक्ष विकत घेता येते असे एकदा दिसून आले, की खऱ्या साक्षीचेही मोल घटते आणि त्याची सर्वांत मोठी झळ, दाखविण्यास दुसरा लौकिक नसलेल्या नव्या उत्पादकासच बसते.