अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याची दृष्टी

मातेच्या उदरात बालकाच्या नेत्रपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ नवव्या महिन्यापर्यंत चालूच असते. प्राणवायू उणा पडला की पटलातील पेशी एक प्रथिन स्रवतात. त्याच्या इशाऱ्याने नव्या वाहिन्या फुटतात. १९८९ मध्ये अमेरिकेत नेपोलिओने फेरारा यांनी हे प्रथिन वेगळे काढले. मात्र त्याचे कार्य एवढ्यावर संपत नाही. कोवळ्या वाहिन्यांच्या पेशी जगतात त्याही त्याच्याच आधारावर. तो सुटला की त्या आपण होऊन मरतात.

१९४२ मध्ये बोस्टनच्या टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील अंधत्वाचे वर्णन केले, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या काळी अशा बालकांना प्राणवायू सढळ हाताने देत. डॉक्टरांना दोष तरी कसा द्यावा? श्वास टिकावा म्हणूनच तो दिला जाई. पण विपुल प्राणवायूने प्रथिन आटे, वाहिन्या मरत. पुढे उपाशी पटल तेच प्रथिन बेसुमार स्रवे आणि वेड्यावाकड्या वाहिन्या पटलाला जागेवरून ओढून काढीत.

आज प्राणवायू मोजून देतात. तरीही ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या, अथवा २ किलोहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, वरून ते कितीही निर्मळ दिसोत. वेळेवर कळले तर लेसरने, किंवा त्या प्रथिनाला रोखणाऱ्या औषधाच्या सुईने, दृष्टी बहुधा वाचते.