चाचणी आणि आशाताई
फेब्रुवारी 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल आधी अमरावती-अकोल्यात लागली. 22 तारखेपासून अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी आली. घरोघरी जाऊन चाचणीसाठी माणसे तयार करणाऱ्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांना, मुख्य अडचण दिसली ती भीतीची. पॉझिटिव्ह निघालो तर मजुरी बुडेल, शेजारी बोलणार नाहीत, या धास्तीने लोक ताप लपवत. अँटिजेन चाचणी अर्ध्या तासात निकाल देते, पण काही बाधित तिच्यातून सुटतात. म्हणून लक्षणे असल्यास तेव्हा पुढे आरटी-पीसीआर ही अधिक अचूक चाचणी करावी लागे. निगेटिव्ह आल्यावरही पुन्हा चाचणी कशाला, हे दारात उभे राहून समजावणे फार कठीण होते. शिवाय हे सारे तुटपुंज्या मोबदल्यावर! जून 2021 मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, त्यात मानधनवाढीची मागणी होती. ती रास्तच होती.